स्वतःच्या लेव्हलसाठी कटसीन: ताबा घेण्यापासून तो परत देण्यापर्यंत

हौसेनं बनवलेल्या गेमच्या लेव्हलमध्ये कटसीन, म्हणजे खेळाडूचा ताबा काढून दाखवलेलं दृश्य, फसतो तो बहुतेक वेळा दोन जागी. एक, जिथे खेळ थांबून दृश्य सुरू होतं. दुसरी, जिथे दृश्य संपून खेळ पुन्हा हातात येतो. मधे कॅमेरा थोडा अडखळला तरी लोक चालवून घेतात. पण दृश्य चालू असताना शत्रूनं मागून येऊन मारलं, किंवा दृश्य टाळल्यावर दार बंदच राहिलं आणि पुढे जायला वाट उरली नाही, तर ती लेव्हल कायमची मिटली जाते. म्हणून इथे कॅमेऱ्याच्या आधी हे दोन सांधे घेतले आहेत, आणि तुम्हीही कामाचा क्रम तसाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रसंग शेवटपर्यंत वापरू. खेळाडू मनोऱ्यावर चढून एक कळ ओढतो. दूर दरीत धरणाचं दार उचललं जातं, पाणी सुटतं, तो ज्या बोगद्यातून आला तो बोगदा बुडतो आणि चिखलात रुतलेला तराफा तरंगून पलीकडच्या काठाला लागतो. जुनी वाट बंद, नवी वाट सुरू.

कटसीन लागतोच का?

आधी एक वाक्य पूर्ण करा: "हे पाहिल्यावर खेळाडूला कळेल की..." आपल्या प्रसंगात ते होईल, "बोगदा गेला, आता तराफ्यानं जायचं." वाक्य पूर्ण होत नसेल तर दृश्य नको. एका वाक्यात दोन-तीन गोष्टी कोंबाव्या लागत असतील तर दृश्य कापा.

मग विचारा, हीच गोष्ट ताबा न काढता दाखवता येईल का? मनोऱ्याला दरीच्या बाजूनं मोठी खिडकी पाडली, कळ त्या खिडकीसमोर बसवली आणि दार उचलताना जोराचा आवाज दिला, तर खेळाडू स्वतःच तिकडे बघेल. १९९८ साली आलेल्या हाफ-लाइफ या गेममध्ये गोष्ट खेळाडूच्या डोळ्यांतूनच उलगडत जाते. ती पद्धत आजही तितकीच ताकदीची आहे आणि छोट्या लेव्हलला बहुतेकदा पुरते. बदल अशा जागी होत असेल की खेळाडू जिथे उभा आहे तिथून तो दिसूच शकत नाही, तर कटसीन घ्या. आपला बोगदा तसाच आहे, तो मनोऱ्याच्या पायाखाली आहे.

लांबी किती? लेव्हलच्या मधोमध येणारं दृश्य मी पंधरा सेकंदांच्या पुढे जाऊ देत नाही. सुरुवातीची प्रस्तावना मिनिटभर चालते, कारण तेव्हा खेळाडू अजून बसता होत असतो.

थेट इंजिनमध्ये, की व्हिडिओ फाइल?

पहिला मार्ग म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या इंजिनमध्येच दृश्य करणं: लेव्हलमधलंच जग, तीच पात्रं, फक्त कॅमेरा वेगळा. अनरीलमध्ये यासाठी सीक्वेन्सर आहे, युनिटीत टाइमलाइन आणि तिच्या जोडीला सिनेमशीन, गोडोमध्ये अ‍ॅनिमेशनप्लेअर. जुन्या गेमच्या एडिटरमध्येही सोय असते. वॉरक्राफ्ट थ्रीच्या वर्ल्ड एडिटरमध्ये कॅमेरे नकाशावर ठेवून ट्रिगरमधून, म्हणजे 'अमुक झालं की तमुक कर' अशा आदेशातून, बोलावता येतात. टूम रेडरच्या लेव्हल एडिटरमध्ये फ्लायबाय, म्हणजे ठरलेल्या वाटेनं उडत जाणाऱ्या कॅमेऱ्यांची साखळी असते. सोर्स इंजिनमध्ये पात्रांचे हावभाव आणि ओठांची हालचाल फेसपोझरमध्ये बसवतात.

दुसरा मार्ग म्हणजे दृश्य ब्लेंडरसारख्या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या प्रोग्राममध्ये बनवून व्हिडिओ फाइल म्हणून वाजवणं. तिसरा मार्ग एकट्यानं काम करणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सुचवतो: स्थिर चित्रं दोन-चार थरांत कापून एकमेकांवरून हळू सरकवणं. मागचा डोंगर सावकाश, मधला मनोरा जरा जलद, पुढची फांदी सगळ्यात जलद. एवढ्यानंही खोली येते, वर निवेदनाचा आवाज आला की प्रस्तावना तयार. यात पात्राला चालवावं लागत नाही, त्यामुळे अ‍ॅनिमेशनचा सगळ्यात अवघड भाग टळतो.

निवडीचा नियम सोपा आहे. दृश्याच्या आधी आणि नंतर खेळाडू त्याच जागी असेल तर थेट इंजिनमध्ये करा. खेळाडूचे कपडे, हातातलं शस्त्र, दिवसाची वेळ यांपैकी काही बदलू शकत असेल तरीही इंजिनमध्येच करा, कारण व्हिडिओत खेळाडू नेहमी एकाच कपड्यांत दिसणार. व्हिडिओ प्रस्तावनेला आणि शेवटाला शोभतो, जिथे मागून किंवा पुढून खेळाशी जुळवायचं काही नसतं. धरणाचा प्रसंग अर्थातच इंजिनमधला.

कागद, मग करडे ठोकळे

शॉट कागदावर काढा. काडीची माणसं चालतात. प्रत्येक चौकटीखाली तीन गोष्टी लिहा: काय दिसतं, काय ऐकू येतं, किती सेकंद. आपला प्रसंग असा पडतो: कळीवर हात, १ सेकंद, दार उचलतं, ३, पाण्याचा लोट बोगद्यात शिरतो, ३, तराफा डुलत वर येतो आणि काठाला टेकतो, ४. एकूण ११ सेकंद, चार शॉट.

नंतर ही चित्रं त्याच लांबीनं एकामागे एक लावून, खाली कामचलाऊ आवाज घालून बघा. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. ब्लेंडरच्या व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये हे तासाभरात होतं. शॉट लांबलाय की तोकडा पडतोय हे इथेच कळतं, आणि इथे बदल फुकट आहे. अ‍ॅनिमेशन झाल्यावर तोच बदल दोन संध्याकाळी खातो.

पुढची पायरी इंजिनमध्ये: धरण म्हणून एक करडा ठोकळा, पाणी म्हणून वर सरकणारी निळी पाटी, तराफा म्हणून एक फळी. या अवस्थेत पुढचं प्रकरण पूर्ण करा. सुंदर मॉडेलं त्यानंतर.

सांधे: आत जाताना आणि बाहेर येताना

ट्रिगर एकदाच चालेल असा करा. नाहीतर खेळाडू पुन्हा कळीपाशी आला की धरणाचं दार पुन्हा उचललं जाईल. मग आत जाताना या क्रमानं:

१. खेळाडूचं इनपुट बंद करा, पण विराम आणि दृश्य टाळण्याचं (स्किप) बटण चालू ठेवा.
२. त्याला इजा होणार नाही अशी व्यवस्था करा आणि आसपासच्या शत्रूंचा विचार थांबवा. फक्त इजा बंद केली तर शत्रू भोवती जमून बसतात आणि ताबा मिळताच तुटून पडतात.
३. खेळाडूची सध्याची स्थिती बघा. तो उडी मारून हवेत असताना ट्रिगर लागला असेल तर पाय जमिनीला टेकेपर्यंत थांबा, मग पुढे जा.
४. पडद्यावरची आकडेवारी, नकाशा आणि निशाणा लपवा.
५. सेव्ह करणं तेवढ्यापुरतं बंद करा. दृश्याच्या मधे झालेलं सेव्ह परत उघडल्यावर कॅमेरा एकीकडे आणि खेळाडू दुसरीकडे, असं होऊ शकतं.
६. मगच कॅमेरा बदला.

बाहेर येताना हेच उलट क्रमानं, आणि एक जास्तीचं काम: खेळाडूला कुठे उभं करायचं आणि त्याचं तोंड कुठे हवं हे तुम्ही ठरवा. आपल्या प्रसंगात त्याचं तोंड तराफ्याच्या दिशेनं हवं. दृश्य संपताच पहिल्या नजरेत नवी वाट दिसली तर वर लिहिलेलं ते वाक्य पूर्ण झालं.

इथे एक बारकावा आहे ज्यावर फार जण अडतात. दृश्यात बदललेल्या काही गोष्टी मूळ स्थितीला परतायला हव्यात आणि काही तशाच राहायला हव्यात. कॅमेरा परतायला हवा. धरणाचं दार उघडंच राहायला हवं. अनरीलच्या सीक्वेन्सरमध्ये 'व्हेन फिनिश्ड' या सेटिंगमधून हे ठरतं, रिस्टोअर स्टेट निवडलं की परत, कीप स्टेट निवडलं की कायम. युनिटीच्या टाइमलाइनमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन ट्रॅकला पोस्ट-प्लेबॅक स्टेट असते. टाइमलाइनवरच्या प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे एकेका वस्तूच्या पट्टीवर, जाऊन ही निवड स्वतः करा, आपोआप जे असेल त्यावर सोडू नका.

आता टाळण्याचं बटण. ते पहिल्या दिवशी बसवा. तुम्हालाच चाचणी करताना ते दृश्य पुन्हा पुन्हा बघावं लागणार आहे, आणि खेळाडू हरून परत आला तर त्यालाही. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बटण क्षणभर दाबून धरायला लावा.

टाळणं म्हणजे टाइमलाइन शेवटाला नेणं, असं समजून काम केलं की लेव्हल अडकते. गोडोच्या अ‍ॅनिमेशनप्लेअरमध्ये सीक (ठरावीक वेळेवर उडी मारणारी आज्ञा) वापरून शेवटी उडी मारली तर मधल्या घटना वगळल्या जातात. म्हणजे सातव्या सेकंदाला 'बोगद्याची वाट बंद कर' असा आदेश ठेवला असेल तर तो चालतच नाही. उपाय असा: जगात जे जे कायम बदलतं ते सगळं एका वेगळ्या फंक्शनमध्ये किंवा ट्रिगरमध्ये ठेवा. दार उघडं, पाण्याची पातळी वर, बोगदा बंद, तराफा काठाला, खेळाडू ठरलेल्या जागी. दृश्य पूर्ण बघितलं तरी शेवटी हेच चालतं आणि टाळलं तरी हेच चालतं. दोन वाटा, एकच शेवट. वॉरक्राफ्ट थ्रीच्या एडिटरमध्ये तर खेळाडूनं दृश्य टाळल्याची स्वतंत्र घटनाच आहे. तिला हाच शेवटचा ट्रिगर जोडायचा.

करड्या ठोकळ्यांवर हे सगळं चोख चाललं की तुमचं निम्मं काम झालं.

कॅमेरा

खेळताना दृश्याचा आडवा कोन बहुधा ९० अंशांच्या आसपास असतो, आजूबाजूचं दिसावं म्हणून. ३६ मिमी रुंद सेन्सर धरला तर ही १८ मिमीची लेन्स झाली. या कोनात चेहरा जवळून घेतला की नाक फुगतं आणि धरण लांबून खेळण्याएवढं दिसतं. कटसीनमध्ये कोन कमी करा. माणसांसाठी साधारण ४० अंश, म्हणजे त्याच सेन्सरवर ५० मिमी. परिसरासाठी ५५ ते ७०. मिलिमीटरपेक्षा कोनाकडे लक्ष द्या. ब्लेंडरचा कॅमेरा सुरुवातीला ३६ मिमीचा सेन्सर धरतो, दुसऱ्या प्रोग्राममध्ये तो आकडा निराळा असू शकतो, आणि मग तीच ५० मिमीची लेन्स वेगळंच चित्र देते.

दोन पात्रं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पा आणि सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडली की डावीकडचा माणूस अचानक उजवीकडे जातो आणि कोण कुणाशी बोलतंय ते कळेनासं होतं. हाच नियम पाण्यालाही लागू आहे: पहिल्या शॉटमध्ये लोट डावीकडून उजवीकडे गेला तर बोगद्यातही तो डावीकडूनच शिरायला हवा. नवख्या कामात हे हटकून सुटतं.

कॅमेरा कमी हलवा. हवेतून गिरक्या घेणारा कॅमेरा लेव्हल मिरवतो, पण नजर कुठे ठेवायची ते सांगत नाही. हलवायचाच असेल तर सुरुवातीला आणि शेवटी वेग हळूहळू चढू-उतरू द्या. दोन कीफ्रेममध्ये (तुम्ही स्वतः ठरवलेल्या जागांमध्ये) एकाच वेगानं जाणारी हालचाल यंत्रासारखी वाटते. आणि तीनपेक्षा जास्त कीफ्रेम लागल्या तर बहुधा तो एक शॉट नसून दोन आहेत, मधे कापा. कापायची जागा हालचालीच्या मधली निवडा. हात कळ खाली ओढत असतानाच दारावर जा, मग सांधा जाणवत नाही.

तांत्रिक अडचण एक मोठी आहे. पुष्कळ गेम खेळाडूच्या आसपासचाच भाग पूर्ण तपशिलात भरून ठेवतात. कॅमेरा दूर दरीत गेला की तिथे धूसर टेक्स्चर, ओबडधोबड मॉडेलं किंवा चक्क रिकामी जागा दिसते. अनरीलमध्ये वर्ल्ड पार्टिशन (जग तुकड्यांत भरणारी सोय) वापरत असाल तर कॅमेऱ्याच्या जागी स्ट्रीमिंग सोर्स ठेवता येतो, म्हणजे तिथला भागही भरला जातो. बाकी ठिकाणी साधी युक्ती: पडदा काळा करून कॅमेरा आधीच तिथे न्या, सेकंदभर थांबा, मग उजेड करा.

पात्रं आणि हालचाल

पूर्ण शरीराची हालचाल स्वतः बनवायला वेळ लागतो, आणि तयार हालचाली सहज मिळतात. मिक्सामो या संकेतस्थळावर मॉडेल चढवलं की त्याला हाडांचा सांगाडा बसवून मिळतो आणि चालणं, बसणं, वळणं अशा हालचाली जोडता येतात. ब्लेंडरमध्ये सांगाडा बसवायला रिगिफाय आहे. तयार हालचालीत पाय घसरताना दिसतात का ते बघा. पात्र पुढे सरकण्याचा वेग आणि पावलांचा वेग जुळला नाही की असं होतं. जुळवता येत नसेल तर कमरेच्या वरूनच शॉट घ्या.

हे लपवणं अजिबात कमीपणाचं नाही. ओठांची हालचाल जमत नसेल तर बोलणारा पाठमोरा ठेवा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा. हातानं कळ नीट पकडता येत नसेल तर कळीच्या पलीकडून, खालून शॉट घ्या. प्रत्येक शॉटमध्ये एकच हालचाल नीट करा. आणि उभ्या पात्राला कधीही पुतळा होऊ देऊ नका; श्वासाची बारीक हालचाल आणि अधूनमधून पापणी लवणं, एवढ्यानं जीव येतो.

आवाज आधी

संवाद आधी रेकॉर्ड करा, अ‍ॅनिमेशन त्यावर बसवा. उलट केलं तर माणूस बोलणं घाईनं उरकतो किंवा ओढून ताणून पुरवतो. मायक्रोफोन साधा असला तरी चालेल, खोली महत्त्वाची. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली जागा बघा, घुमणाऱ्या रिकाम्या खोलीत नको. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये मागची खरखर काढता येते, पण फार काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

संवादाशिवायही दृश्य आवाजावरच उभं असतं. धरणाच्या दाराचा कर्कश घासण्याचा आवाज चित्राच्या किंचित आधी सुरू करा, खेळाडूची नजर तिथे आधीच पोचते. लेव्हलचा पार्श्वध्वनी दृश्यात अचानक तोडू नका, फक्त खाली आणा. आणि संवादाची पातळी खेळातल्या आवाजांशी जुळवून बघा, हेडफोनवर आणि साध्या स्पीकरवर दोन्हीकडे.

व्हिडिओ बनवत असाल तर

आधी गणित करा. ४० सेकंदांचं दृश्य, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९६० फ्रेम. एका फ्रेमला ३० सेकंद लागले तर आठ तास. फ्रेमचं अंतिम चित्र काढणं म्हणजे रेंडर. त्यासाठीचं ब्लेंडरमधलं ईव्ही इंजिन वेगवान आहे, सायकल्स प्रकाश अधिक खरा देतं पण वेळ घेतं. गेमच्या दिसण्याशी जुळवायचं असेल तर ईव्हीच बरं.

रेंडर थेट व्हिडिओत करू नका. प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी म्हणून साठवा. मधे वीज गेली किंवा प्रोग्राम बंद पडला तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं, आणि एक शॉट बिघडला तर तेवढाच पुन्हा काढता येतो. रंग फिके वाटले तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारं सेटिंग) बघा: ब्लेंडर ४.० पासून तिथे सुरुवातीला एजीएक्स असतं. हातानं रंगवलेली चित्रं सरकवत असाल तर ते 'स्टँडर्ड' करा, म्हणजे रंग जसे रंगवले तसेच येतात.

शेवटी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामनं फ्रेम आणि आवाज एकत्र करा. कोणत्या स्वरूपात, हे गेम ठरवतो, म्हणून आधी चौकशी करा. गोडो स्वतःहून फक्त ऑग थिओरा वाजवतं. युनिटीत एच.२६४ची एमपी४ फाइल बहुतेक ठिकाणी चालते. बऱ्याच जुन्या गेममध्ये बिंक किंवा एव्हीआय लागतं. एच.२६४ घेत असाल तर सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १८ ते २३ यांमध्ये ठेवा. आकडा लहान तितकं चित्र स्वच्छ आणि फाइल जड. अंदाजासाठी: सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर एका मिनिटाचे ६० मेगाबाइट होतात. लेव्हल स्वतः ४० मेगाबाइटची असेल तर एवढी प्रस्तावना तिच्यावर भार आहे. अशा वेळी व्हिडिओची उंची ७२० ओळींवर आणा.

व्हिडिओची शेवटची फ्रेम आणि लेव्हलची पहिली फ्रेम यांत उडी जाणवते. दोन्हीकडे अर्धा सेकंद काळा पडदा द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे व्हिडिओचा शेवटचा शॉट लेव्हलच्या सुरुवातीच्याच जागेवरून, त्याच कोनातून घ्या.

सबटायटल

ती चित्रात भाजू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मग चूक सुधारता येते आणि दुसऱ्या कुणाला भाषांतर करता येतं. एका वेळी दोनच ओळी, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी. देवनागरी लिहीत असाल तर गेमचा फॉन्ट जोडाक्षरं नीट दाखवतो का हे पहिल्याच दिवशी तपासा: 'क्ष', 'र्‍य', 'द्ध' असलेलं एक वाक्य टाकून बघा. काही जुन्या इंजिनांत जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या चुकीच्या जागी जातात. तिथे मजकूर चित्र म्हणून बनवून ठेवण्यावाचून पर्याय नसतो.

चाचणी

दृश्य नीट बघून चाचणी होत नाही, ते मोडायचा प्रयत्न करावा लागतो. पहिल्या फ्रेमला टाळा, मधे टाळा, अगदी शेवटच्या क्षणी टाळा. धावत ट्रिगरमध्ये शिरा, मागे शत्रू घेऊन शिरा, बोगद्यात फेकलेला बाण हवेत असताना शिरा. दृश्यानंतर लगेच सेव्ह करून परत उघडा आणि पाणी अजून वर आहे का बघा. रुंद आणि जुन्या चौकोनी अशा दोन्ही पडद्यांवर बघा. रुंद पडद्यावर कडेला लपवलेली, दृश्यात यायची वाट बघत उभी असलेली पात्रं दिसून जातात.

मुद्दाम फ्रेमचा वेग २० वर आणूनही बघा. हालचाल फ्रेम मोजून चालवली असेल तर चित्र मागे पडतं आणि आवाज पुढे निघून जातो. हालचाल सेकंदांवर बांधलेली असली की हा प्रश्न राहत नाही.

मग लेव्हल कधीही न पाहिलेल्या माणसाला खेळायला द्या आणि काही न बोलता बघा. दृश्य संपल्यावर तो तराफ्याकडे गेला तर छान. तो बोगद्याकडे वळला तर तिसरा शॉट पुन्हा करा: पाणी छतापर्यंत पोचेपर्यंत कॅमेरा तिथून हलवू नका.

लेव्हल इतरांना देण्याआधी संगीत, आवाज, मॉडेलं आणि तयार हालचाली यांच्या परवान्यांच्या अटी वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समधल्या ज्या परवान्यांत श्रेय देणं बंधनकारक आहे, तिथे निर्मात्याचं नाव आणि परवान्याचा प्रकार सोबतच्या मजकूर फाइलमध्ये लिहा. मूळ गेममधले व्हिडिओ किंवा आवाज पॅकेजमध्ये उचलून टाकू नका. ते खेळाडूच्या संगणकावर असतातच, तुमच्या स्क्रिप्टमधून तिथूनच वाजवता येतात.